पेट्रोल भरल्यावरच सुरू न होणारी गाडी

आमची गाडी 2014 सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे आणि तिची टाकी 35 लिटरची आहे. साताऱ्याहून पुण्याला महिन्यातून दोन-तीन खेपा तिच्यातूनच होतात. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढून आल्यावर मी महामार्गालगतच्या एका पंपावर टाकी पूर्ण भरून घेतली, पैसे दिले आणि चावी फिरवली. सेल्फ जोमाने फिरत राहिला, पण इंजिन काही पकडेना. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला ते थरथरत सुरू झाले, गाडीत पेट्रोलचा उग्र वास पसरला आणि अर्ध्या मिनिटात सारे पूर्ववत झाले. पुढे घरापर्यंत कसलीही तक्रार आली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका फेरीत सुरू झाली आणि मी तो प्रसंग विसरूनही गेले. पुढच्या वेळी टाकी भरली तेव्हा मात्र नेमके तेच घडले, आणि त्याच्या पुढच्या वेळीही.

ज्यांना ज्यांना हे सांगितले, त्यांनी आधी पेट्रोलवर बोट ठेवले. 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची चर्चा सगळीकडे सुरू असल्यामुळे हा संशय स्वाभाविक होता. मी पंप बदलून पाहिला, फिल्टर पेपरची चाचणी मागून घेतली (ती मागण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, कागदावर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे) आणि घनतेची नोंदही पाहिली. त्यात काही वावगे आढळले नाही. शिवाय थोडा विचार केला तर हा संशय तसाही टिकत नाही. टाकीत नुकतेच पडलेले पेट्रोल लगेच इंजिनापर्यंत पोहोचत नसते. टाकीपासून, इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंतच्या नळीत आधीचेच पेट्रोल भरलेले असते आणि पंपावरची पहिली सुरुवात त्याच्यावरच होते. पेट्रोलमध्ये पाणी असते, तर त्रास त्यानंतर सुरू होऊन कित्येक किलोमीटर टिकला असता. तो अर्ध्या मिनिटात नाहीसा झाला नसता.

गॅरेजमध्ये प्लग बदलले गेले आणि इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटल बॉडी साफ झाली, तरी फरक पडला नाही. त्यानंतर टाकीतला फ्युएल पंप बदलण्याचा सल्ला मिळाला. त्या खर्चाचा आकडा ऐकून मी थोडा अवधी मागितला आणि घरी येऊन एक वही केली. तारीख, टाकीत आधी किती पेट्रोल होते, किती भरले, इंजिन गरम होते की थंड, गाडी किती वेळ उभी होती आणि कितव्या प्रयत्नाला सुरू झाली, एवढेच त्या वहीत लिहायचे असे ठरवले. असा दोष शोधण्याचा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही, आणि गॅरेजमध्ये गेल्यावर गाडी शहाण्यासारखी वागत असेल तेव्हा तर ही वहीच आपली साक्षीदार असते.

पहिला प्रश्न असा होता की हा दोष पेट्रोल भरण्याचा आहे की थांबण्याचा. घाट चढून आलेले तापलेले इंजिन दहा मिनिटे बंद राहिले तर त्याची उष्णता आजूबाजूच्या भागांत चढते, आणि इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा क्रँक सेन्सर कमकुवत झाला असेल किंवा पेट्रोलचा दाब उतरत असेल, तर गरम इंजिन सुरू होण्यास कुरकुरते. हे तपासण्यासाठी मी तोच घाट चढून, त्याच पंपावर, फक्त चाकांत हवा भरायला थांबले. दहा मिनिटांनी चावी फिरवली आणि गाडी तत्क्षणी सुरू झाली. पुढच्या फेरीत टाकी भरल्यावर सेल्फ मारण्यापूर्वी चावी दोनदा नुसती ऑन करून प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबले, म्हणजे फ्युएल पंपाला दाब पुन्हा तयार करण्यास सवड मिळाली. त्याचा काहीही उपयोग झाला नाही. या दोन नोंदींनी बॅटरी, सेन्सर आणि फ्युएल पंप यांच्यावरचा संशय बराचसा दूर केला. तिसरी नोंद सर्वांत बोलकी होती: पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकले तर त्रास जवळजवळ नव्हता, टाकी काठोकाठ भरली की तो हमखास होता.

म्हणजे दोष पेट्रोलच्या वाफेचा होता. टाकीत पेट्रोल ओतले जाते तेव्हा तेवढ्याच आकारमानाची वाफ आणि हवा बाहेर ढकलली जाते. आपल्याकडच्या गाड्यांत त्यातली बरीचशी भरण्याच्या तोंडातूनच निघून जाते, पण काही वाफ, आणि झाकण लावल्यावर घुसळलेल्या पेट्रोलातून उठणारी वाफ, एका नळीने चारकोल कॅनिस्टरकडे जाते. हा सक्रिय कोळशाच्या दाण्यांनी भरलेला डबा असतो आणि वाफ वातावरणात जाऊ न देता धरून ठेवणे हे त्याचे काम असते. इंजिन तापून चालू लागले की गाडीतला संगणक योग्य वेळी पर्ज व्हॉल्व्ह नावाची विजेवर चालणारी छोटी झडप उघडतो आणि साठलेली वाफ इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्यांत) ओढून जाळून टाकतो. वीज नसताना ही झडप बंदच असली पाहिजे. ती उघडी अडकली, तर गाडी बंद असतानाही कॅनिस्टर आणि मॅनिफोल्ड यांच्यातला रस्ता मोकळा राहतो, आणि टाकी भरताच दाबाखालची वाफ थेट इंजिनाच्या तोंडाशी येऊन बसते.

मग तीच गाडी एरवी नीट का चालते, हे मला बराच काळ उमगले नव्हते. शुद्ध पेट्रोलसाठी हवेचे आदर्श प्रमाण वजनाने सुमारे 14.7 पट असते (इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ते थोडे कमी लागते). इंजिन चालू असताना धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाची खबर देत राहतो आणि संगणक इंजेक्टरचे पेट्रोल कमी-जास्त करून तोल सांभाळतो, त्यामुळे झडपेतून येणारी थोडीफार जादा वाफ खपून जाते. सेल्फ फिरत असताना मात्र ही खबर उपयोगात नसते. संगणक मुख्यतः इंजिनाचे तापमान पाहून ठरलेला डोस देतो, आणि मॅनिफोल्ड आधीच वाफेने भरलेले असल्यामुळे मिश्रण इतके दाट होते की ठिणगी पडूनही ते पेट घेत नाही. पंपावरच्या खोळंब्यात कामी येणारा उपायही यातूनच सुचतो: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारावा. थ्रॉटल उघडून भरपूर हवा आत येते, आणि बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी संगणक इंजेक्टरच बंद ठेवतो. इंजिन पकडताच पाय उचलावा. आमची गाडी या पद्धतीने दुसऱ्या प्रयत्नात सुरू होऊ लागली, आणि तेव्हा निदान बरोबर दिशेने चालले आहे याची मला जवळजवळ खात्री पटली.

खात्री आणि पुरावा यांत अंतर असते, म्हणून एक शेवटचा प्रयोग केला. घरीच, इंजिन थंड असताना, कॅनिस्टरकडून पर्ज व्हॉल्व्हकडे येणारी रबरी नळी एका चिमट्याने घट्ट आवळून बंद केली, बोनेट लावले, जवळच्या पंपावर गेले आणि टाकी भरली. चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच फेरीत सुरू झाली. महिन्याभराच्या शंकांचे उत्तर दहा रुपयांच्या चिमट्याने दिले याचा मला खरोखर आनंद झाला. घरी येऊन चिमटा काढला, झडपेच्या कॅनिस्टरकडच्या टोकाची नळी सोडवली आणि थंड इंजिन आयडलवर चालू असताना तिथे बोट ठेवले. झडप बंद असायला हवी असतानाही बोट आत ओढले जात होते. नंतर झडप काढून वीज न देता तिच्यातून प्लास्टिकच्या सिरिंजने हवा ढकलली, तर ती सरळ आरपार गेली. (तोंडाने फुंकू नये, पेट्रोलची वाफ फुप्फुसांत जाऊ देण्यासारखी वस्तू नाही.)

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा या साऱ्या काळात एकदाही लागला नाही, आणि त्यामुळेच गॅरेजचा स्कॅनरही गप्प होता. अनेक गाड्यांत संगणक या झडपेची फक्त विद्युत जोडणी शाबूत आहे की नाही ते पाहतो. झडप कचऱ्याने उघडी राहिली आहे हे त्याला कळत नाही. मात्र त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (संगणक ठरलेल्या डोसपेक्षा पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो आहे तो आकडा) पाहिला असता, तर टाकी भरल्यानंतर तो उणे 20 टक्क्यांच्या आसपास दिसला असता. हा आकडा मी नंतर स्वतः पाहिला. दोष नोंदलेला नाही म्हणजे दोष नाही, असे मानून सुटे भाग बदलत जाण्याची पद्धत ग्राहकाला फार महाग पडते, आणि याबद्दल मला मनापासून खंत वाटते.

काढलेली झडप पांढऱ्या कागदावर हलकेच आपटली तेव्हा तिच्यातून कोळशाचे बारीक काळे कण पडले. हे कण कॅनिस्टरमधून आलेले होते, म्हणजे नुसती झडप बदलून भागणार नव्हते. फुटलेल्या कोळशाने नवी झडपही काही दिवसांत अडकवली असती. कॅनिस्टर काढला तर तो ओला आणि अपेक्षेपेक्षा जड लागला. कोळसा वाफेसाठी असतो, द्रव पेट्रोलसाठी नसतो. पेट्रोलने भिजला की त्याची क्षमता जाते आणि कालांतराने दाणेही भुगा होऊ लागतात. पेट्रोल तिथवर कसे पोहोचले असावे याचे उत्तर माझ्याच सवयीत होते. नोझल आपोआप कट झाल्यावर पंपावरचा मुलगा विचारतो, “ताई, राउंड करू का?” आणि वर्षानुवर्षे मी मान डोलावत आले. कट झाल्यानंतर टाकीत उरलेली जागा पेट्रोल फुगण्यासाठी आणि वाफेसाठी राखलेली असते. सुट्ट्या पैशांच्या सोयीसाठी तीच जागा मी दर वेळी भरून टाकत होते.

झडप आणि कॅनिस्टर दोन्ही बदलले. खर्च फ्युएल पंपाच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी आला. त्यानंतर टाकी सहा वेळा पूर्ण भरली आहे, त्यातल्या दोन वेळा खंबाटकी चढून आल्याबरोबर, भर दुपारी. वहीतल्या सहाही नोंदींपुढे “पहिल्या फेरीत सुरू” असे लिहिलेले आहे, ट्रिम शून्याच्या दोन-तीन टक्के अलीकडे-पलीकडे राहतो, आणि शेवटच्या पावतीवरचा आकडा 2,873 रुपयांचा आहे.