अपघात रस्त्यावर मिटवू नका: ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी

ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्याच्या गाडीला अपघात झाला, की त्याच्या मनात सर्वांत आधी गाडीचा हप्ता येतो. गाडी पोलीस ठाण्यात अडकली तर धंदा बंद, कंपनीला कळले तर आयडी ब्लॉक, आणि गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाची बोलणी वेगळीच. त्यामुळे समोरच्याच्या हातावर काही रक्कम ठेवून प्रकरण तिथल्या तिथे मिटवावे आणि पुन्हा ड्युटीवर जावे, असे त्याला वाटते. पुण्यात मोटार अपघात दाव्यांची कामे चालवताना मी पाहत आलो आहे, की चालकाचे खरे नुकसान बहुतेक वेळा धडकेने होत नाही, ते या घाईने होते. पहिल्या काही तासांत जे कागदावर येते, त्यावरच पुढची वर्षे अवलंबून असतात, म्हणून त्या तासांविषयीच सविस्तर लिहितो आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ ने चालकावर तीन कर्तव्ये टाकली आहेत. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे पहिले. पोलिसांनी विचारलेली माहिती देणे आणि घटनास्थळी पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात जाऊन घटना कळवणे हे दुसरे. विमा कंपनीला लेखी कळवणे हे तिसरे, आणि ते बहुतेकांना ठाऊकच नसते. जमाव अंगावर येईल या भीतीने अनेक चालक पळून जातात. ती भीती खोटी नाही, आणि कायद्यालाही ती माहीत आहे. जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे थांबणे शक्य नसेल, तर जखमीला मदत करण्याच्या कर्तव्याला याच कलमात अपवाद ठेवला आहे. परंतु तो अपवाद घरी जाऊन फोन बंद ठेवण्यासाठी नाही. जिवाला धोका वाटला तर तिथून निघून थेट जवळचे पोलीस ठाणे गाठावे आणि निघतानाच ११२ वर फोन करावा. त्या फोनची वेळ नोंदली जाते आणि 'चालक पळून गेला' या आरोपाला पुढे तेच सर्वांत भक्कम उत्तर ठरते. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका विनामूल्य येते आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे. मदतीला थांबलेला माणूस पोलिसांच्या भानगडीला घाबरत असेल तर त्याला सांगावे, की २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ ने अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

माणसे सुरक्षित झाली की मोबाइल काढावा. गाड्या हलवण्यापूर्वी लांबून एक छायाचित्र घ्यावे, ज्यात रस्त्याचा पट्टा, दुभाजक, सिग्नल आणि दोन्ही गाड्यांची स्थिती एकत्र दिसेल. केवळ चेपलेल्या बंपरचे जवळून काढलेले दहा फोटो दाव्यात फारसे कामाला येत नाहीत. नवले पुलाच्या उतारावर एकामागोमाग चार गाड्या आदळतात, तेव्हा मधल्या गाडीला मागून आधी धक्का बसला की तिनेच पुढच्या गाडीला आधी ठोकले, हा प्रश्न असा एक फोटो सोडवू शकतो.

ॲपच्या चालकाकडे असा एक पुरावा असतो जो इतरांकडे नसतो, आणि तोच तो गमावतो. ट्रिप सुरू असल्याची, ग्राहकाला घेण्याच्या ठिकाणाची आणि वेळेची स्क्रीन तशीच टिपून ठेवावी, त्यानंतरच ट्रिप बंद करावी. ॲप कंपन्यांचे अपघात विम्याचे संरक्षण साधारणतः ट्रिप चालू असतानाच्या काळाशी बांधलेले असते, त्यामुळे तुम्ही भाडे घेऊन जात होता, भाडे घ्यायला निघाला होता की ॲप बंद करून घरी परतत होता, यावर बरेच काही ठरते. ग्राहक हा तुमचा सर्वांत चांगला साक्षीदार असतो. मात्र ॲपमधून लागणारा फोन खरा क्रमांक दाखवत नाही आणि ट्रिप संपल्यावर तो मार्गही बंद होतो. म्हणून त्याला विनंती करून त्याचा स्वतःचा क्रमांक तिथेच घ्यावा. त्याला लागले असेल तर त्याच्याशी वाद घालण्याचे कारणच नाही, कारण भाड्याच्या प्रवासी वाहनातील प्रवाशाची जोखीम सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यातच येते.

आता 'मिटवण्या'विषयी. माझ्याकडे आलेल्या एका चालकाच्या गाडीला बाणेर रस्त्यावर दुचाकीस्वार घासून पडला होता. खरचटल्यापलीकडे काही दिसत नव्हते. चालकाने रोख पैसे दिले, दोघांनी हात मिळवले आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. काही महिन्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. गुडघ्याच्या आतली दुखापत नंतर उघडकीस आली होती आणि तक्रारीत हाच चालक 'न थांबता निघून गेला' असे लिहिलेले होते. पैसे दिल्याचा कागद नाही, ठाण्यात नोंद नाही, विमा कंपनीला खबर नाही. कंपनीने साहजिकच विचारले, की अपघात झाला होता तर आम्हाला कळवले का नाही? तो माणूस खोटे बोलत नव्हता. पण त्याच्या खरेपणाचा एकही कागद नव्हता. लागलेला माणूस उठून उभा राहिला आणि तक्रार करायची नाही म्हणाला, तरी ठाण्यात जाऊन आपल्या बाजूची नोंद करावी, असे माझे ठाम मत आहे. रस्त्यावर माणुसकीने बोलावे, पाणी द्यावे, दवाखान्यात न्यावे. मात्र 'माझीच चूक' किंवा 'तुमचीच चूक' असे काहीही लिहून देऊ नये. पोलिसांच्या पंचनाम्यावर किंवा जबाबावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचावा आणि चुकीचे असेल ते तिथेच दुरुस्त करून मागावे.

दवाखान्यातील केस पेपरकडे कोणी लक्ष देत नाही, आणि तिथे दावे अक्षरशः मरतात. पोलिसांचे लचांड नको म्हणून नातेवाईक 'जिन्यावरून पडला' असे सांगतात आणि डॉक्टर तेच लिहितात. एकदा ते लिहिले गेले, की तो रस्त्यावरचा अपघात होता हे पटवताना दमछाक होते. म्हणून चालकाने, स्वतःला किरकोळ लागले असले तरी, त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. 'वाहन अपघातात दुखापत' ही नोंद, ठिकाण आणि वेळ केस पेपरवर आल्याची खात्री करावी आणि रुग्णालयाकडून पोलिसांना एमएलसी (अपघाताच्या रुग्णाची पोलिसांना द्यायची सूचना) गेली का, हे विचारावे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळू शकतात. जखमी चालकही अपघातग्रस्तच असतो, हे घरच्यांना सांगून ठेवावे.

विमा कंपनीला कळवताना पॉलिसी क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती आणि चालकाचे नाव व परवाना एवढे लेखी द्यावे. फोनवर बोलून न थांबता ईमेल करावा. विमा कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर येण्यापूर्वी गाडी खोलू देऊ नये. कोणी जखमी असेल तर आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी होईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये. परमिट, फिटनेस किंवा पासिंगची मुदत संपलेली असेल, तर कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. खाजगी म्हणून विमा काढलेली पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. परवान्याच्या बाबतीत मात्र दिलासा आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणारा साडेसात हजार किलोंपर्यंतचे वाहतूक वाहन चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. त्यामुळे परवान्यावर केवळ वाहतूक वाहनाची वेगळी नोंद नाही एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही.

आणि चालकाचे स्वतःचे काय? पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे मालक-चालकासाठी असते. रोजाच्या भाड्याने दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्याला ते मिळत नाही, आणि या धंद्यात असे कितीतरी जण आहेत. पगारी चालकासाठी कर्मचारी नुकसानभरपाईचा मार्ग आहे (आधी १९२३ च्या अधिनियमाने, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने) आणि मालकाच्या सक्तीच्या पॉलिसीत ती जबाबदारी येते. पण मालक आणि चालक यांच्यात काहीच लेखी नसेल, तर 'हा आमचा नोकर नव्हता, गाडी भाड्याने घेणारा होता' असा बचाव घेतला जातो. गाडी हातात घेताना एका पानाचा करार तरी करावा, निदान दर महिन्याचा व्यवहार बँकेतून व्हावा. मला ही गोष्ट चालकांच्या संघटनांनी सर्वांत आधी हाती घ्यावी असे वाटते. केंद्राच्या १ जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ॲप कंपन्यांनी प्रत्येक चालकाला पाच लाखांचा आरोग्य विमा आणि दहा लाखांचा मुदत विमा द्यावा असे म्हटले आहे. आपल्या नावे तो आहे का, हे कंपनीला लेखी विचारण्याचा पूर्ण अधिकार चालकाला आहे, आणि ते अपघाताआधी विचारलेले बरे. दुसरे वाहन ठोकून पळाले आणि सापडलेच नाही, तर केंद्राच्या २०२२ च्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्राच्या मोटार वाहन नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत न्यायाधिकरणाला पहिला अहवाल द्यायचा असतो. चालकाने आपला नमुना (फॉर्म) क्रमांक ३ आणि मालकाने नमुना क्रमांक ४ हे ३० दिवसांत अधिकाऱ्याकडे द्यायचे असतात. ते कोणी मागायला येईल म्हणून थांबू नये, आपणहून भरून पोच घ्यावी. गाडी जप्त झाली असेल तर ती सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो आणि हमीपत्रावर ती परत मिळते. त्या काळातला हप्ता थकणार असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेला पंचनाम्याची प्रत जोडून पत्र द्यावे. ॲप कंपनीने आयडी बंद केला तर ॲपमधल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा आणि बंद करण्याचे कारण ईमेलवर मागावे, कारण बुडालेल्या उत्पन्नाचा हिशेब मांडताना आयडी कोणत्या तारखेला बंद झाला आणि कधी सुरू झाला, हे न्यायाधिकरणापुढे दाखवावे लागते.