तुम्ही विचारलंत म्हणून: छापील प्रत असताना हस्तलिखित कशाला?

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टची गाणी शिकणारे हमखास विचारतात: चांगली छापील आवृत्ती हाताशी असताना हस्तलिखिताच्या स्कॅनवर डोळे कशाला ताणायचे? कारण काही गोष्टी फक्त त्याच्या हातच्या कागदावर दिसतात.

त्याची 'विंटररायझे' ही गीतमाला घ्या. २४ गाणी, १८२७ सालची, हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत. त्यातल्या 'वासरफ्लूट'मध्ये पियानोच्या उजव्या हाताला ट्रिप्लेट आहेत, म्हणजे एका मात्रेत तीन सारखे स्वर. डाव्या हाताला मात्र पाऊण मात्रेचा एक आणि पाव मात्रेचा एक असे दोन. काटेकोर मोजलं तर डाव्याचा पाव मात्रेचा स्वर ट्रिप्लेटच्या तिसऱ्या स्वरानंतर किंचित उशिरा पडतो. शूबर्टने मात्र तो तिसऱ्या स्वराच्या बरोबर खाली लिहिलाय. म्हणून माझं मत ठाम आहे: दोन्ही एकत्र वाजवा. उशिरा वाजवलात तर गाण्याची जड, ओली चाल अडखळायला लागते.

पण हस्तलिखित म्हणजे शेवटचा शब्द, असं धरून बसू नका. हेच गाणं हस्तलिखितात एफ शार्प मायनर या पट्टीत आहे, छापलं गेलं ई मायनर या खालच्या पट्टीत. पहिल्या भागाची छपाईसाठी नकलनवीसाने केलेली प्रत शूबर्टने स्वतः दुरुस्त केली होती, ती आजही आहे. म्हणजे छापील पट्टी ही चूक समजून बदलायची गोष्ट नव्हे. आधी त्या गाण्याच्या किती प्रती आहेत आणि कोणती कोणाच्या हातची, ते शोधा.

सगळ्यात जास्त फसवतं ते ॲक्सेंटचं, म्हणजे स्वरावर जोर द्यायला सांगणारं चिन्ह (>). शूबर्ट ते इतकं लांब ओढतो की डिमिन्युएंडोच, म्हणजे आवाज हळूहळू कमी करण्याची खूणच वाटावी. मग जिथे स्वरावर जोर हवा तिथे गायक आवाज कमी करतो आणि ओळच पडते. चिन्हाच्या लांबीवर जाऊ नका. ते नेमकं कुठल्या स्वरापाशी सुरू होतं ते बघा, आणि तीच जागा पुढे पुन्हा येते तिथे काय लिहिलंय ते ताडून पाहा.

शब्द जुन्या जर्मन वळणात, कुरेंटमध्ये असतात. त्यात 'ई' हुबेहूब 'एन'सारखा दिसतो, आणि 'यू' ओळखायचा तो डोक्यावरच्या कमानीवरून. कवितेचा छापील मजकूर शेजारी ठेवूनच वाचायला बसा.