पालकाची सही कुठून आणू?

मला पॉम्पे, म्हणजे एका एन्झाइमच्या कमतरतेने स्नायू कमजोर करणारा जनुकीय आजार, आहे हे कळायलाच कित्येक वर्षं गेली, पण माझा खरा राग आहे तो त्यानंतरच्या एका खिडकीवर.

निदान तसं सरळ झालं. वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावर एन्झाइमची तपासणी, मग जनुकीय चाचणीने शिक्कामोर्तब. उपचार म्हणजे कमी पडणारं एन्झाइम दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून, डोस वजनावर. औषध अफाट महाग, म्हणून आधी मंजुरी. मंजुरीचा अर्ज जेनेटिक्सच्या खिडकीवर, आणि ती खिडकी बालरोग विभागात.

"पेशंटला आणलंय का?"

"मीच पेशंट."

बाईंनी माझ्या मागे डोकावून पाहिलं. मग फॉर्म सरकवला. बाळंतपण नॉर्मल की सिझर? बाळाने मान कधी धरली? खाली पालकाची सही. चाळिशी उलटलेल्या बाईने कुणाची सही आणायची? रकाना कोरा ठेवला तर अर्ज 'अपूर्ण' म्हणून परत. मेडिसिनच्या ओपीडीत गेले तर, "हा लहान मुलांचा आजार, खाली जा." खाली गेले तर, "मोठ्यांचं वर बघतात."

१९३२ साली डॉ. पॉम्पे यांनी वर्णन केलेला रुग्ण सात महिन्यांचं बाळ होतं, हे खरं. पण मोठेपणी डोकं वर काढणारा प्रकारही आहेच! त्यात हृदय बहुधा वाचतं; मांड्या, कंबर आणि श्वासाचे स्नायू कमजोर होत जातात. हे सगळं मी खिडकीच्या कठड्याला रेलून सांगत होते, कारण फार वेळ उभंच राहवत नाही.

सुटका झाली ती न्यूरॉलॉजिस्टच्या पत्राने. पहिल्याच ओळीत: 'प्रौढ रुग्ण, स्वतःच्या संमतीने उपचार, पालकाचा रकाना लागू नाही.' खाली सही-शिक्का. तो शिक्का पाहिल्यावर बाईंचा आवाजच बदलला. असं पत्र आधीच घ्या आणि झेरॉक्स जवळ ठेवा, मूळ प्रत सोडू नका.

हो, आणि ज्यांचं निदान व्हायचंय त्यांच्यासाठी: रक्ततपासणीत एसजीओटी, एसजीपीटी ही लिव्हरची समजली जाणारी एन्झाइम्स वाढली की लिव्हरवाल्यांकडे धाडतात, दारूची चौकशी होते. ही एन्झाइम्स स्नायूंतूनही येतात. सोबत सीके, म्हणजे स्नायूंच्या एन्झाइमची रक्तचाचणी, करायला सांगा.

फुप्फुसांची चाचणी बसून आणि आडवं पडून, दोन्ही करून घ्या. श्वासपटल कमजोर असेल तर आडवं पडल्यावर आकडा चांगलाच उतरतो. अर्जात फक्त बसल्याचा आकडा दिला, तर 'श्वास ठीक आहे' म्हणून फाइल बाजूला पडते.