कार्डशीटची कळलावी

सोमवार

फोंड्याच्या बाजारात डेकोपाजसाठी कार्डशीट घेतली. दुकानदाराने "मुलांच्या प्रोजेक्टला?" म्हणत एका बाजूने चकचकीत असलेली पुढे सरकवली. मी दोन्ही बाजूंनी बिनचकाकीची, २२० जीएसएमची मागून घेतली. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७०-८०चा असतो, जरा भारीतली लग्नपत्रिका ३००च्या घरात जाते. आकडे पाठ करायची गरज नाही म्हणा. कागद दोन बोटांत धरून हलवला, की तो वाकेल की ताठ राहील ते कळतं.

डेकोपाज म्हणजे चित्रं कापायची, लाकडावर किंवा डब्यावर चिकटवायची आणि वर वॉर्निशचे इतके हात द्यायचे की बोट फिरवलं तरी कागदाची कड लागू नये. त्यासाठी पातळ कागद घ्या, नॅपकिन घ्या, असं जो तो सांगतो. सपाट कामापुरतं ते बरोबरच आहे. जाड कागदाची कड बुडवायची तर वॉर्निशचे हात मोजता मोजता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येईल. पण मला कड बुडवायचीच नाही. दुसऱ्या तऱ्हेच्या डेकोपाजमध्ये एकाच चित्राच्या चार-पाच प्रती काढतात, प्रत्येकीतून वेगवेगळा भाग कापतात आणि एकावर एक चढवून चित्राला उठाव आणतात. तिथे नॅपकिन काय कामाचा? तिथे कार्डशीटच हवी.

चित्र कसलं करायचं ते आधीच ठरलंय. परसातल्या कुंपणावर कळलावी फुललीय. गुलाब आणि आयफेल टॉवर छापलेले कागद विकत मिळतात. ते कुणाला हवे असतील तर त्यांनी खुशाल घ्यावेत.

बुधवार

आज कात्री उचललीच नाही. नुसता कागद ओळखून घेतला.

कार्डशीटच्या एका तुकड्यातून दोन पट्ट्या कापल्या, एक उभी, एक आडवी. दोन्हींच्या एकाच बाजूला ओलं बोट फिरवलं. एक पट्टी लगेच वळून पन्हळीसारखी झाली, दुसरी टोकांशी थोडी उचलली गेली आणि तशीच राहिली. कागद यंत्रावर तयार होताना बरेचसे तंतू एका दिशेने बसतात. पाणी प्यायल्यावर तंतू लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला फुगतो. म्हणून कागदही तंतूंच्या आडव्या दिशेला पसरतो. पाकळी कापताना तिची लांबी तंतूंच्या दिशेने ठेवली, तर ती कडांकडून आत वळते, द्रोणासारखी. उलट ठेवली तर टोकाकडून वळते. कळलावीला मला टोकाकडचं वळण हवंय, त्यामुळे पाकळ्या आडव्या छापून घ्यायला हव्यात. छपाईला जाण्याआधी हे कळलेलं बरं.

आपल्याकडे या दिवसांत हवेतच इतकं पाणी असतं की ओलं बोट लावायचीही गरज पडत नाही. टेबलावर उघडी ठेवलेली शीट संध्याकाळपर्यंत लाटेसारखी झाली होती. बाकीच्या शीटा प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्या, पावसाळाभर बल्ब जळत असतो त्या खणात. रेशमी साड्यांना थोडं सरकावं लागलं.

गुरुवार, रात्री

छपाई झाली. फोटो मीच काढला होता. इंकजेट नको, लेझरवरच काढा, असं झेरॉक्सवाल्याला दोनदा सांगितलं. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते, पातळ केलेलं फेव्हिकॉल लागलं की लाल रंग पिवळ्यात उतरतो. लेझरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक भुकटी, उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली. ती पाण्याला दाद देत नाही. मात्र जाड कागद घडी घालून मोडला तर घडीवर टोनरला तडे जातात आणि खालचा पांढरा कागद दिसतो. म्हणजे पाकळीला घडी नाही, फक्त बाक.

हे सगळं सुरू कुठे झालं ते वाचत बसले होते. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये चिनी-जपानी लाखकामाच्या फर्निचरची हौस होती आणि ते परवडायचं मोजक्यांना. मग तिथल्या कारागिरांनी छापील चित्रं कापून, रंगवून कपाटांवर चिकटवली आणि वर वॉर्निशचे थर चढवले. लाक्का पोव्हेरा, म्हणजे गरिबाची लाख, असं त्याचं नाव. बास्सानो गावच्या रेमोंदिनी छापखान्यात खास कापून चिकटवण्यासाठी चित्रांचे ताव निघत. आज ती 'गरिबाची' कपाटं संग्रहालयांत आहेत.

पण मला खरी ओढ लागली ती मेरी डेलनी या इंग्रज बाईची. जन्म १७०० चा. १७७२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, तिने रंगीत कागदाच्या तुकड्यांतून फुलं करायला घेतली. मागे काळा कागद आणि एकेका फुलाला कागदाचे शेकडो कपटे. नजर अधू होईपर्यंत, दहाएक वर्षांत, तिने हजाराच्या आसपास फुलं केली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. खरं फूल समोर ठेवून ती काम करायची, चित्रावरून नाही. माझ्या गुडघ्यांची कुरकुर सध्या बंद आहे.

शनिवार

डेलनीबाईंचं ऐकून कळलावीचा एक वेल तोडून पाण्याच्या बाटलीत टेबलावर ठेवला. सासूबाईंनी पाहिलं आणि दारातूनच ओरडल्या, "अगो, हात धू आधी! आणि पोराटोरांच्या हाताला लागू देऊ नकोस ते." त्यांचं खरंय. कळलावी पानाफुलांसकट विषारी, आणि तिचा कंद तर फारच.

पुतणीला मदतीला बसवलं. तिचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत, पण घाई भारी. कापताना कात्री फिरवायची नाही, कात्री जागेवर ठेवून कागद फिरवायचा. आतली भोकं आधी, बाहेरची रेघ शेवटी, म्हणजे पकडायला कागद उरतो. आणि कात्री किंचित तिरकी धरायची, म्हणजे कड खालच्या बाजूला आत जाते आणि वरून कागदाची पांढरी जाडी दिसत नाही. तरी जी दिसते तिच्यावर लाल रंगाची पेन्सिल आडवी फिरवायची. एवढ्याने काम कितीतरी उठून दिसतं. शिकवणारे हे शेवटी, घाईघाईत उरकतात. मी असते तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं.

पुतणीने पाकळ्या खाली वाकवायला घेतल्या, जास्वंदीच्या वाकवतात तशा. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या, उभ्या उभ्याच म्हणाल्या, "कळलावीची पाकळी वर जाते गो. ज्वाळा बघितली नाहीस कधी?" बाटलीतल्या फुलाकडे पाहिलं. सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या आणि पुंकेसर खाली चहूबाजूंनी आडवे पसरलेले. पुतणी म्हणाली, "काकी, मग हिला अग्निशिखा म्हणतात ते बरोबरच आहे की!"

बाक द्यायला शाई संपलेलं बॉलपेन आणि जुना माउसपॅड. पाकळी पालथी ठेवून कडेकडेने पेनाचं टोक दाबत गोल फिरवायचं, की कड आपोआप नागमोडी होते. कळलावीची कड तशीच असते. इथे कार्डशीट नॅपकिनला भारी पडते, दिलेला आकार धरून ठेवते.

रविवार

पाया म्हणून फणसाच्या लाकडाचा जुना पाट. खालची एक पट्टी निघालेली, त्यामुळे बसायला कुणी घेत नव्हतं. पॉलिशपेपरने घासून त्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा एक हात कालच दिला होता. सगळ्यांत खालचं पूर्ण चित्र आज चिकटवलं. गोंद पाटालाही आणि कागदालाही, मधून कडेकडे कापडाने दाबत नेला, हवा बाहेर. जाड कागद पाणी हळू सोडतो आणि बाहेर श्रावणातली झड. म्हणून वर बटरपेपर ठेवून फरशीचे दोन तुकडे ठेवले. पंखा लावून ठेवला आहे. पूर्ण वाळल्याशिवाय वॉर्निश नाही. आत ओल राहिली तर वॉर्निश पांढुरकं पडतं, नाहीतर खालून फुगा येतो. वरच्या पाकळ्या फोम टेपच्या तुकड्यांवर बसतील, मागच्या तीन आधी, पुढच्या तीन नंतर, शेवटी पुंकेसर. त्यांना वॉर्निश सुटंसुटंच द्यायचं, पातळ, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला दिलं तर पुन्हा पन्हळ.

दुपारी पुतणीने विचारलं, "चवथीला ही माटोळीला बांधायची?" माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती रानफळा-फुलांची चौकट.

सासूबाईंनी माझ्याआधी उत्तर दिलं. "माटोळीला रानातलंच लागतं. कागद नको." मग पाटाकडे जरा वेळ पाहून म्हणाल्या, "माटवाच्या बाजूला भिंतीला टेकून ठेव. आणि शेरवड पण कर."

"आई, शेरवडाला फूल कुठे दिसण्याजोगं असतं? पांढरं पानच तेवढं."

"मग तुझ्याकडे पांढरा कागद आहे ना ढीगभर?"

खरंच की. शेरवडाचं ते पांढरं पान म्हणजे फुलाचंच एक वाढलेलं निदल (कळीला बाहेरून झाकणारं पान), मधे केशरी फूल नखाएवढं. पांढऱ्यासाठी कोरी कार्डशीट पुरे, रंगाच्या पेन्सिलीने दोन-तीन शिरा ओढायच्या. छपाईचा खर्च शून्य, झेरॉक्सवाल्याला दोनदा बजावायचं काम नाही. उद्या पाऊस ओसरला तर टेकडीवरून एक डहाळी आणायला पुतणीला पाठवते.