कटाची वही : तिखट पळीत असतं

मंडळी, मागच्या नोंदीत मिरच्या आणण्यापर्यंत आलो होतो. आता कट उकळून, थिजवून, पुन्हा उकळून झालाय, तेव्हा पुढचं लिहितो. ज्यांना वही नवीन आहे त्यांच्यासाठी : मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, घरी जमवायचा आणि त्या निमित्ताने पुण्यातल्या मिसळी खाऊन बघायच्या. (दुसरं काम खरं, पहिलं फक्त घरी सांगायला, असं बायकोचं मत.)

मिरची

मार्केट यार्डात भुसार विभागात फेब्रुवारीपासून नवा माल दिसायला लागतो आणि मेपर्यंत वर्षाच्या तिखटाची झुंबड असते. मी घेतलेल्या तीन जाती : ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी.

ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. लांब, सुरकुतलेली, गडद लाल, तिखट बेताचं. हिचा रंग इतका पक्का की त्याचा अर्क सौंदर्यप्रसाधनांतही जातो. संकेश्वरी बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरच्या बाजूची, सडपातळ, पातळ सालीची, झणझणीत. लवंगी म्हणजे नुसता जाळ, चिमूटभरच घ्यायची.

निवडताना मूठभर मिरची हातात घेऊन हलवा. चांगली वाळलेली असेल तर आत बी खुळखुळतं. मऊ, वाकणारी मिरची ओली असते, वजनात मार खातो आणि डब्यात बुरशी धरते. पांढुरके डाग पडलेली फटकी मिरची स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, तिखटाचा रंग विटका येतो. देठ मात्र घरी आणूनच काढा. बिनदेठाची मिरची हवा लागून लवकर उतरते. देठ खुडताना हाताला तेल चोळा, नाहीतर रात्री डोळे चोळाल तेव्हा आठवण येईल.

प्रमाण सध्या असं ठरलंय : १०० ग्रॅम ब्याडगी, ५० ग्रॅम संकेश्वरी, ५ ग्रॅम लवंगी. तिन्ही वेगळ्या कुटल्या, वेगळ्या बरण्यांत भरल्या, वर हिंगाचे खडे. डंकावाल्याला हे पटलं नाही. 'एकत्र टाका की, शेवटी पोटात एकच होणार,' म्हणाला. पण तिन्हींची कामं वेगळी. रंग ब्याडगीचा, चव संकेश्वरीची, ठसका लवंगीचा. एकदा मिसळल्या की यातलं एकच कमी-जास्त करता येत नाही.

पळी

कोथरूडात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटं मिसळीचं दुकान आहे, सहा बाकडी, बाहेर पाट्यांची गर्दी. तिथे रविवारी गल्ल्याशेजारची जागा मिळाली की वाढणाऱ्याचा हात दिसतो. पातेलं एकच. कॉलेजची पोरं 'मामा, जाळ' म्हणाली की पळी आडवी धरून वरवर फिरते आणि तांबडं तेल, म्हणजे तर्री, तेवढी उचलते. सोबत नातू घेऊन आजोबा आले की तीच पळी पाठीने तर्री बाजूला सारते, सरळ खाली जाते आणि तळातला रस्सा घेऊन वर येते. वर येताना काठाला एकदा टेकवून लागलेलं तेल पुसूनही घेतो. नातू दोन वाट्या रस्सा प्यायला, डोळ्यांत पाणी नाही.

याचं कारण साधं आहे. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो. त्यामुळे कट थोडा वेळ शांत ठेवला की जाळ आणि रंग दोन्ही तेलासोबत वर येतात, आणि खाली उरतो मसाल्याचा, कांद्या-खोबऱ्याचा, मटकीच्या पाण्याचा रस्सा. म्हणून एकाच पातेल्यातून तिखट, मध्यम, साधी अशा तिन्ही मिसळी निघतात. 'तुमच्याकडे मिरची कोणती?' एवढंच विचारून दुकानाचा अंदाज लागत नाही, पळी कुठवर बुडते ते बघावं लागतं.

हे डोक्यात ठेवून नेहमीची ठिकाणं पुन्हा फिरलो.

टिळक रोडवर रामनाथ : पातळ, लालभडक, पहिल्या घासाला कानाच्या पाळ्या तापतात. दुसरं सँपल (वरून घ्यायचा रस्सा) मागण्याआधी विचार करा. तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवन : तिखट आहेच, पण खाली पोहे आणि बटाटा असतो आणि तो बराच जाळ गिळतो. थोडं थांबून खाल्लं तर तीच मिसळ सौम्य लागते, मी मुद्दाम तसंच खातो. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातली बेडेकर : आंबटगोड अंगाची, स्लाइसबरोबर. तिखटप्रेमी मंडळी हिला नाकं मुरडतात, मला ते पटत नाही. गुळाची चव पुढे असूनही मसाला जाणवतो, हे जास्त अवघड काम आहे. एरंडवण्यात काटाकिर्र : कोल्हापुरी वळणाची, मटकी ठसठशीत, तिखट किती ते आधीच विचारतात.

आणि वैद्य. फडके हौदाजवळची ती जुनी जागा. तिथे माझा पळीचा सिद्धांत चालत नाही, कारण तिथला रस्सा हिरवा. आलं आणि हिरवी मिरची, वर तरंगणारी लाल तर्री नाही. पळी कुठूनही भरा, चव तीच. तिखटही वेगळ्या जागी लागतं, ओठांना कमी आणि घशात जास्त. आल्याचा तिखटपणा वेगळा, तो वर येतो आणि ओसरतो. लाल कटाचा मात्र जिभेवर मुक्काम असतो. ज्यांनी फक्त लाल मिसळी मोजल्यात त्यांनी वैद्यांकडे एकदा उपाशीपोटी जावं.

घरचा कट

आमच्या शेजारच्या काकू मूळच्या गडहिंग्लजच्या. मी कढईत तेल तापवून तिखट टाकणार तेवढ्यात त्या वाटी परत करायला आल्या होत्या.

'गॅस बंद कर आधी,' म्हणाल्या.

'काकू, अजून फोडणीच व्हायचीय.'

'फोडणी झाली तुझी. आता बंद कर, धा आकडे मोज, मग चटणी (म्हणजे तिखट) टाक. धूर निघालेल्या तेलात टाकलीस तर करपून काळी हुतीया, मग लाल कुठनं आणणार?'

दोन्ही रीतींनी करून बघितलं. धुरावलेल्या तेलात ब्याडगी पडली की क्षणात विटकरी, मग तपकिरी होते आणि कडवट वास सुटतो. तेल किंचित निवल्यावर टाकली तर फेस येतो, तेल आधी केशरी आणि मग गडद लाल होतं, आणि वास येतो तो नुसत्या मिरचीचा, गोडसर. त्यावर लगेच वाटण : उभा चिरून तांबूस परतलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, आलं, धणे, तीळ. वाटण तेल सोडेपर्यंत परतायचं, मग गरम पाणी. गारच पाणी घातलं तर उकळी मोडते आणि मसाला कच्चट लागतो.

उकळून झालं की झाकण ठेवायचं आणि वीस मिनिटं पळी लावायची नाही. सगळ्यात अवघड हेच, कारण घरात प्रत्येक जण येऊन ढवळून जातो. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर वर बोटभर नाही, पण नखाएवढी तर्री असते. दोन पळ्यांत वाढलं : एक वरची, एक खालची. बायकोने खालची घेतली आणि म्हणाली की यात मिरची घातलीच नाही ना. मुलाने वरची घेतली आणि ताकाची वाटी शोधायला गेला.

ताक बरोबर, पाणी नाही. पाणी जाळ तोंडभर पसरवतं. दूध, दही, ताक यांतलं केसिन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून घेतं. आणि मिसळीवर गरम चहा घेणाऱ्यांनी लक्षात घ्या : कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या ज्या संवेदकाला (टीआरपीव्ही१) चेतवतं तो मुळात उष्णतेचा, साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जागा होणारा. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो १९९७ साली शोधला, २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत विभागून मिळालं. पेटलेल्या जिभेवर चहा म्हणजे आगीत तेल. तरी आमच्यातले निम्मे लोक तो घेतातच, त्याला इलाज नाही.

मिरचीचं तिखट मोजायच्या स्कोव्हिल आकड्याबद्दल वाचकांकडून विचारणा झाली होती. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल यांनी मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पातळ करावं लागतं त्यावरून आकडा काढला. २०२३ साली पेप्पर एक्स नावाच्या मिरचीने २६,९३,००० चा विक्रम केला. होऊ दे. मला त्या शर्यतीत रस नाही. तेवढ्या जाळात कांदा, खोबरं, मटकी काहीच कळणार नाही, मग मिसळ कशाला, मिरचीच चावा. आणखी एक : बिया तिखट असतात हा समज सोडा. कॅप्सेसिन बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत तयार होतं, बियांना ते नुसतं माखलेलं असतं. ब्याडगीच्या बिया-शिरा काढून कुटली तर रंग उजळ येतो आणि तिखट आणखी उतरतं. लहान मुलांच्या घरात हा डाव फार कामाचा.

पुढे

तेल कमी करून तर्री येते का ते बघायचंय. घरून दबाव आहे. आत्ता आठ वाट्यांना पाऊण वाटी तेल लागतंय, अर्ध्यावर आणलं तर रंग रश्श्यातच अडकून बसतो. वाटणातलं खोबरं वाढवून त्याचं तेल वापरून बघणार.

दुसरं, लवंगीच्या जागी नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी वापरून बघायची आहे. उमरेड-भिवापूरकडे कुणी जाणार असेल तर अर्धा किलो आणा, पैसे लगेच देतो. देठासकट, आणि फटकी नको.