अर्धा कोयता: मधला भाग उभा राहिला

ऊसतोडीवरच्या माझ्या कंटेम्पररी नृत्यरचनेच्या तीन भागांपैकी मधला, फडाचा, म्हणजे तोडणीच्या शेतातला भाग आता अंगात बसलाय. गाव सोडण्याचा पहिला भाग आधीच झाला होता, शेवटचा अजून कच्चा आहे. या वेळी मुख्यतः फडाबद्दलच लिहिते, कारण मला जे काही गवसलं ते तिथंच गवसलं.

रचना सोलो आहे आणि गोष्ट घरची आहे. आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. आजी-आजोबा ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली टोळी ट्रकमध्ये चढायची. संसार, शेळ्या, तान्ही लेकरं सगळं त्यातच. मग कोल्हापूर-सांगलीकडं कुठंतरी कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी टाकायची आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की पाडव्याच्या पुढंमागं घरी यायचं. बीड जिल्ह्यातून आजही लाखो माणसं अशीच जातात. देश सोडून गेलेल्यांवर कंटेम्पररीत जगभर काम झालंय. दरवर्षी जाऊन दरवर्षी परत येणाऱ्यांचं स्थलांतर मात्र आपल्या मंचावर फारसं दिसत नाही. हे लोक कुठंच नवे होत नाहीत आणि कुठंच पुरते रुळतही नाहीत. मला नाचायचंय ते हेच.

जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश नर्तकांना प्रश्न विचारायची आणि त्यांच्या उत्तरांतून रचना बांधायची. तिची 1978 ची एक गाजलेली रचना तिच्या आईवडिलांच्या खानावळीच्या आठवणींवर उभी आहे. आजीकडून आठवणी काढताना मी हीच वाट धरली. "तुला तेव्हा काय वाटायचं?" असं विचारलं की आजी म्हणते, "काय वाटायचंय माय, काम असायचं." तिथंच बोलणं संपतं. पण "लेकरू कडेवर असताना मोळी कशी बांधायचीस?" असं विचारलं की ती ओसरीवरून उठते, पदर खोचते आणि करून दाखवते. म्हणून मी प्रश्न बदलत गेले. लेकरू कुठं निजायचं, पाणी पिताना कोयता कुठल्या हातात असायचा, पहाटे अंधारात बुडखा, म्हणजे उसाचा बुंधा कसा दिसायचा, असले प्रश्न. घरच्यांच्या आठवणींवर काम करणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगेन: भावना विचारू नका, कृती विचारा.

आता प्रत्यक्ष तोडणी. बघणाऱ्याला तो वार वाटतो. आजीच्या अंगात तो तसा नाही. आधी डावा हात उसाला कवेत घेतो आणि किंचित वाकवून ताण देतो. मग उजवा हात जमिनीलगत येतो, कारण साखर बुडख्यात जास्त, वर खुंट ठेवला तर शेतकरी ओरडतो. कोयता लागतो तेव्हा आजीचा खांदा हलत नाही. वजन टाचांतून वर येतं, कमरेतून मनगटात उतरतं आणि तिथंच थांबतं. मग एका ओढीत पाचट (वाळला पाला), एका झटक्यात वाढं (हिरवा शेंडा), आणि ऊस मागं. मागं वळून न बघता तो ढिगावर बरोबर पडतो. मी करून दाखवलं तर म्हणाली, "हात लई करायलीस. पाय रोव आधी."

इथं लाबानचा अभ्यास फार उपयोगी पडला. हालचालींचा अभ्यासक रुडॉल्फ लाबान (1879–1958) नाझी जर्मनीतून बाहेर पडून इंग्लंडला पोचला. युद्धाच्या काळात तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचाली त्याने अभ्यासल्या आणि 1947 मध्ये एफ. सी. लॉरेन्ससोबत त्यावर पुस्तक काढलं. वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह या चार अंगांनी कुठलीही हालचाल उकलता येते, ही त्याची मांडणी. त्या हिशोबाने तोडणीचा घाव जड, झटक्याचा आणि थेट आहे, पण प्रवाह बांधलेला, म्हणजे रोखून धरलेला आहे. पाचट काढणं हलकं आणि सुटं. वाढं तोडणं झटक्याचंच, पण वजन नावालाच. एका उसात हे तिन्ही येतात आणि लगेच पुढचा ऊस. मी या तिन्हींची साखळी केली, आधी खऱ्या वेगात, मग वेग अर्ध्यावर आणून. अर्ध्या वेगात ती साखळी काम राहत नाही, नाच होते. तरीही वजन मात्र तसूभर कमी करायचं नाही. चेहऱ्यावर दुःख आणायचं नाही, हा नियमही मी स्वतःला घालून घेतलाय. कथकची सवय असल्याने चेहरा आपोआप बोलायला लागतो. त्याला गप्प ठेवणं हीच सध्या सगळ्यात मोठी मेहनत.

मोळीसाठी वाळूचं पोतं घेऊन सराव करते. खरी मोळी तीस-चाळीस किलोची. मी त्याच्या जवळपासही जात नाही, आणि कुणी करून बघणार असेल तर थोड्या वजनापासूनच सुरुवात करा. डोक्यावर चुंबळ हवीच, हनुवटी सरळ, उठताना जोर मांड्यांचा. फळीवरून ट्रकवर चढायची चाल त्या वजनाखालीच सापडते: पाऊल आधी चाचपतं, मग भार घेतं. पोतं उतरवून लगेच तीच चाल केली की मान आपोआप लांब होते. सध्या पोतं मंचाबाहेरच ठेवणार आहे.

रचनेच्या नावाबद्दल. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा. आजोबा गेल्यानंतरही आजी अर्धा कोयता म्हणून जात राहिली. त्यामुळे हा सोलो खरं तर एक माणूस वजा झालेलं ड्युएट आहे. मंचाची डावी बाजू मी पूर्ण मोकळी सोडलीय. मागं टाकलेला ऊस त्या बाजूला जातो, तिथं कुणी तो उचलून मोळीत घेईल इतका वेळ मी थांबते आणि मग पुढचा तोडते. त्या थांबण्याची लय आजोबांची आहे, आजीने टाळ्या वाजवून सांगितलेली. ब्रिटिश नर्तक अक्रम खानने 2011 च्या आपल्या सोलोत डोक्याच्या टाळूवर चेहरा रंगवून, मान खाली घालून वडील उभे केले होते. त्याचे आईवडील बांगलादेशातून लंडनला गेलेले. एका अंगात दोन पिढ्या कशा बसतात हे मी तिथं पाहिलं. माझ्याकडे त्यासाठी शर्ट आहे. उसाचं पान कापतं म्हणून फडात बायका लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट घालतात. आजी आजोबांचा घालायची.

एक गोष्ट मुद्दाम घेतली नाही. गर्भाशयाची पिशवी काढलेल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न 2019 मध्ये सरकारी समितीपर्यंत गेला. तो इतका मोठा आहे की या रचनेत तोंडी लावण्यापुरता घेणं मला पटत नाही. त्यावर वेगळं काम व्हायला हवं, आणि ते त्या बायकांसोबतच.

आवाजासाठी कोयता आणि पाचटाची सळसळ रेकॉर्ड केलीय. ओव्या वापरणार नाही. त्या इतक्या सुंदर असतात की प्रेक्षक अंगाकडं बघायचं सोडून ऐकत बसतो.

शेवटचा भाग अण्णांचा, म्हणजे आजीच्या मुलाचा. ते पाच-सहा वर्षांचे असल्यापासून गावातच माझ्या पणजीजवळ राहायचे, शाळा बुडू नये म्हणून. त्यांच्याकडून कृती मिळतच नव्हत्या. परवा एक मिळाली. आई परत आली की पहिले दोन दिवस ते तिच्याजवळ जायचेच नाहीत, रांजणाच्या आडून बघत राहायचे. ती हाक मारायची नाही, आपली भाकरी थापत बसायची, आणि ते हळूहळू एकेक पाऊल सरकायचे. एवढ्यावरच सगळा तिसरा भाग उभा करायचा विचार आहे: फडातली सगळी घाई संपलीय आणि मंचावर फक्त एक अंतर कमी होतंय. हे किती लांबवता येईल ते बघतेय. अण्णांनी रांजणाची जागा घरात दाखवलीय. पुढच्या सुट्टीत तिथून चुलीपर्यंतचं अंतर मोजून आणते, मग मंचाची आखणी करते.