चेंडू कोणाच्या हाती द्यायचा

शनिवार, १२ जुलै २०२५
रॉकी हिल, कनेटिकट

सुट्टी असूनही पहाटे जाग आली. चहा घेऊन मागच्या पायरीवर बसलो आणि डोक्यात पुन्हा तेच सुरू झालं: या हिवाळ्यात यूकॉनच्या, म्हणजे कनेटिकट विद्यापीठाच्या, बास्केटबॉल संघाचा चेंडू पुढे कोण आणणार? बाहेरून नव्याने आलेल्या दोघांपैकी डिमॅरी की स्मिथ?

२३ मार्चची दुपार अजून उतरलेली नाही. फ्लोरिडाकडून ७७-७५ अशी हार. एनसीएए या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलग १३ सामने जिंकले होते, ती मालिका दोन गुणांनी तुटली. शेवटच्या मिनिटांत त्यांच्या वॉल्टर क्लेटनने लांबून टाकलेले चेंडू आत जाताना मी आणि चिरंजीव एकमेकांकडे बघायचंही टाळत होतो. हा क्लेटनही सुरुवातीपासून फ्लोरिडा विद्यापीठाचा नव्हे, आयोना कॉलेजातून आलेला. पंधरा दिवसांनी त्याने फ्लोरिडाला विजेतेपद मिळवून दिलं.

पूर्वी असं नव्हतं. खालिद एल-अमीन, केंबा वॉकर, शबाझ नेपियर ही सगळी पोरं शाळेतून थेट स्टॉर्सला, यूकॉनच्या गावी, आली आणि आपल्या डोळ्यांदेखत मोठी झाली. आता खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, नाव घालतो आणि महिन्याभरात नव्या गावी जातो. २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, २०२४ पासून तर अभ्यासाच्या अटी पाळल्या की कितीही वेळा जाता येतं. याचं मला वाईट वाटतं, पण तक्रार कोणत्या तोंडाने करू? २०२३ आणि २०२४ ची दोन्ही विजेतेपदं ज्याच्या हातातून आली तो ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलायनाहून आला होता.

न्यूटनचाच हिशेब मला पुन्हा पुन्हा मांडावासा वाटतो. तिकडे तो सामन्यामागे जवळजवळ १८ गुण करायचा. इथे पहिल्या वर्षी १० वर आला. स्वतःचे आठ गुण त्याने सोडून दिले आणि सानोगो, हॉकिन्स या सोबत्यांना चेंडू पोचवला. तरी २०२३ च्या अंतिम सामन्यात गरज पडली तेव्हा १९ गुण आणि १० रिबाउंड, म्हणजे हुकलेले चेंडू पकडणं. एवढं सोडून देणं सोपं नसतं. वीस वर्षांच्या मुलाला तर मुळीच नाही.

उलट उदाहरणही ताजंच आहे. एडन महेनी कॅलिफोर्नियातल्या सेंट मेरीज कॉलेजातून आला तेव्हा मीच सर्वांत खूश होतो. तिथे सामन्यामागे १४ च्या आसपास गुण, इथे पाचही नाहीत. वर्षभरात तो परत कॅलिफोर्नियाला गेला. मुलगा वाईट नव्हता. आपले प्रशिक्षक डॅन हर्ली यांच्या खेळात चेंडू हातात नसलेले चौघं सतत पळत असतात, एकमेकांसाठी आडोसा धरत असतात, आणि चेंडू पुढे आणणाऱ्या पॉइंट गार्डला तो क्षण आधीच दिसावा लागतो. अर्धा सेकंद उशीर झाला की सगळी रचना फुकट. शिवाय हर्ली घराणंच पॉइंट गार्डांचं. भाऊ बॉबीचे ड्यूककडून १,०७६ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला गुण मिळवून देणारे पास. असा माणूस या जागेवर कोणाला सवलत देईल?

दुधाने तोंड पोळलंय, म्हणून आता ताकही फुंकून पितोय.

सिलास डिमॅरी ज्युनिअर जॉर्जिया विद्यापीठातून आलेला. उंची सहा फूट पाच इंच, न्यूटनएवढीच. तिथे सामन्यामागे गुण १३ च्या वर, असिस्ट तीनच्या आसपास. म्हणजे चेंडू वाटणारा कमी, स्वतः घुसणारा जास्त. मलाकाय स्मिथ डेटन विद्यापीठातून आलेला, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये वाढलेला, केंबासारखाच. उंची सहा फुटांच्या आसपास, पण असिस्ट पाचच्या वर. मागच्या नोव्हेंबरात हवाईतल्या माउईला आपल्याला ८५-६७ असं लोळवलं ते याच्याच डेटनने. गुडघ्याच्या दुखापतीत जवळजवळ अख्खा हंगाम गमावून परत उभा राहिलेला मुलगा.

चिरंजीवांचा कौल स्मिथला. "बाबा, तो बघतो. डिमॅरी नुसता धावतो."

गेल्या रविवारी आषाढीचं भजन होतं आमच्याकडे. पखवाजवाला पुढे पुढे करत नव्हता, पण चाळीस माणसांचे टाळ त्याच्या हातावर चालले होते. तेव्हा मलाही वाटलं, स्मिथच.

आज मात्र मन डिमॅरीकडे झुकतंय. कारण बचाव. क्लेटनसमोर त्या दुपारी आपल्याला उंच, लांब हातांचा माणूस हवा होता. आपला तेव्हाचा पॉइंट गार्ड हसन डियारा दुखऱ्या गुडघ्यावर जिवाच्या आकांताने खेळला, पण उंची कुठून आणणार? उंची शिकवता येत नाही. पास वेळेवर द्यायला शिकवता येतो, न्यूटनला शिकवला की. शिवाय स्मिथचं हे शेवटचं वर्ष, डिमॅरीकडे अजून वेळ आहे. सुरुवात डिमॅरीने करावी, आणि खेळ विस्कटायला लागला की स्मिथने येऊन घडी बसवावी. स्मिथला हे कमीपणाचं वाटू नये एवढीच काळजी.

चिरंजीव उठले की सांगणार आहे. वाद होईल, होऊ दे. यूकॉनच्या गॅम्पेल स्टेडियमची तिकिटं निघाली की बाकांच्या मागच्या दोन जागा घ्यायच्या असं ठरवलंय. पहिल्या दहा मिनिटांत डिमॅरी चेंडू दिल्यावर उभा राहतो की पळतो, ते मला जवळून बघायचंय.